सव्वा महिन्याचे ऋण
(आपल्या मंडळाच्या वरवट बकाल येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, वधूवरांची माहिती दिली जाते आणि आमच्यासारख्या एखाद्या निवृत्त शिक्षकास चार शब्द बोलण्याचा मान मिळतो. आजवर आम्ही शिक्षण, व्यसनमुक्ती, लग्नातील अवाजवी खर्च अशा विषयांवर बोललो. यंदा मात्र आम्ही चिटणीसांस आधीच कळविले की आमचा विषय बाळंतपणाचा आहे, आणि त्यातही पोटावर शस्त्रक्रिया करून होणाऱ्या बाळंतपणाचा. हे ऐकून चिटणीस क्षणभर स्तब्ध झाले. "गुरुजी, हा विषय बायकांच्या बैठकीत घेऊ या का?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "नाही. हा विषय पुरुषांनी ऐकावा म्हणूनच आम्ही बोलणार आहोत."

आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकविण्यात गेला. परंतु आमच्या घरात थोरल्या लेकीची दोन बाळंतपणे झाली, दोन्ही शस्त्रक्रियेने. पहिल्या वेळी आम्ही चुकलो आणि दुसऱ्या वेळी शहाणे झालो. ती चूक पदरात घेऊन आपल्यापुढे उभे राहणे, एवढाच आजच्या भाषणाचा अधिकार.

पहिल्या खेपेस रिवाजाप्रमाणे लेक माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या, रात्र उलटली, बाळ पुढे सरकेना. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. गाडी मिळवण्यात वेळ गेला, पैशांची जुळवाजुळव करण्यात वेळ गेला, आणि रक्त लागेल असे कळले तेव्हा आमच्या घरातील एकाही पुरुषास आपला रक्तगट ठाऊक नव्हता. परमेश्वराच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या हातगुणाने आई व बाळ दोघेही सुखरूप राहिले. पाचव्या दिवशी आम्ही लेकीस घरी आणले आणि संकट टळले असे समजून निर्धास्त झालो.

खरी चूक तेथून पुढे झाली. बाराव्या दिवशी आम्ही थाटाने बारसे मांडले. शंभर-सव्वाशे पान उठले. लेक सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाळास घेऊन ओसरीवर बसून होती. आमच्या घरातील एक वडीलधारी बाई सर्वांसमक्ष म्हणाल्या, "कळा तं तिनं पुऱ्या सोसल्याच नाहीत, डॉक्टरनं लेकरू काढून देल्लं. मंग थकवा कायचा?" आम्ही तेथेच होतो. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी घरात पाहुण्यांचा पसारा पडलेला पाहून लेकीने कोणास न सांगता पाण्याने भरलेला हंडा उचलला. दोन दिवसांनी तिला ताप भरला, जखमेतून पू वाहू लागला आणि टाक्यांची जागा उकलली. पुढे जवळजवळ एक महिना रोज जखम धुणे, पट्टी बदलणे आणि बाळास जवळ घेताना तिचे कळवळणे आम्ही डोळ्यांनी पाहिले. हा दोष दवाखान्याचा नव्हता आणि नशिबाचाही नव्हता. तो आमच्या घराचा होता, आणि घरातील कर्ता म्हणून सर्वांत अधिक आमचा होता.

मंडळी, आपल्या वाडवडिलांनी बाळंतिणीसाठी सव्वा महिना ठरवून दिला होता. त्या काळात तिने चुलीपाशी जाऊ नये, विहिरीवर जाऊ नये, जड कामास हात लावू नये. कारण विटाळाचे सांगितले जाई. ते कारण आज आपण सोडले, आणि ते योग्यच झाले. परंतु कारणाबरोबर विश्रांतीही सोडली, हे मात्र विपरीत घडले. आजचे डॉक्टर शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे जपावयास सांगतात. सव्वा महिना आणि सहा आठवडे यांत अंतर ते किती? जुन्या चालीतील जे सोने होते ते आपण टाकले, आणि बाळंतिणीस पाणी कमी देणे, बाळास मध चाटविणे, कोंडलेल्या खोलीत धुराची शेगडी ठेवणे असल्या कोळशास मात्र जपून ठेवले. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की हा हिशेब आपण उलटा करावा.

शस्त्रक्रियेने बाळंत होणे म्हणजे काहीतरी उणेपणा, अशी समजूत अजूनही खेड्यापाड्यांत आहे. तिला इतिहासाचे उत्तर द्यावेसे वाटते. पूर्वी अशी शस्त्रक्रिया म्हणजे आईचा मृत्यू असेच बहुधा समीकरण होते, कारण गर्भाशयाचा छेद शिवण्याचा प्रघात नव्हता. 1882 साली जर्मनीतील मॅक्स सँगर या वैद्याने गर्भाशय नीट शिवण्याची पद्धत मांडली. पुढे जंतुनाशक औषधे, रक्त देण्याची सोय आणि सुरक्षित भूल आली, आणि आई वाचू लागली. आपल्या महाराष्ट्रात आनंदीबाई जोशी यांचे बाळ अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले. त्या दुःखातूनच त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला, आणि 1886 साली अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी निबंधासाठी विषय निवडला तोही प्रसूतिशास्त्राचाच. ज्या विद्येसाठी त्या माउलीने सातासमुद्रापलीकडे जाऊन देह झिजविला, ती विद्या आज शेगाव-खामगावापर्यंत आली आहे. तिचा उपयोग करून घेण्यात लाज कसली?

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील दर शंभर प्रसूतींमागे सुमारे 25 शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले, आणि देशभरात खासगी दवाखान्यांतील प्रमाण सरकारी दवाखान्यांच्या तिपटीहून अधिक दिसले. तेव्हा शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास "कारण काय?" हे नम्रपणे विचारणे हा आपला हक्क आहे. वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, बाळ आडवे वा पायाळू असणे, आधीच्या शस्त्रक्रियेचा व्रण असणे, रक्तदाब फार वाढणे ही खरी कारणे आहेत. कळा सहन होणार नाहीत ही भीती किंवा घरच्यांची सोय ही कारणे नव्हेत. एकदा शस्त्रक्रिया झाली म्हणजे पुढे नेहमी तीच, असाही नियम नाही. परंतु तो निर्णय डॉक्टरांनी, आणि तातडीची सोय असलेल्या रुग्णालयातच घ्यावयाचा असतो.

आता दुसऱ्या खेपेची हकिकत. दुसरे बाळंतपण सासरी करावे हा आपला रिवाज. परंतु मागील अनुभव मनात सलत होता, म्हणून आम्ही विहीणबाईंकडे जाऊन हात जोडले आणि लेकीस पुन्हा आणण्याची परवानगी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने ती दिली. या वेळी पोटावर जुना व्रण होता आणि त्यात बाळ पायाळू असल्याचे सोनोग्राफीत दिसले. डॉक्टरांनी तारीख ठरवूनच शस्त्रक्रिया करावी असे सांगितले. संकट तारीख सांगून येत असेल, तर त्याच्या स्वागताची तयारी करता येते. ती आम्ही कशी केली, ते क्रमाने सांगतो.

पहिली तयारी जागेची. गावच्या ग्रामीण रुग्णालयात नियमित तपासणी आणि लोहाच्या गोळ्या यांची सोय होते. परंतु ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त ही चारही एके ठिकाणी असावी लागतात. त्यासाठी आपल्याकडील मंडळी शेगाव, खामगाव, बुलढाणा किंवा अकोल्यास जातात. अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय जुन्या माणसांस लेडी हार्डिंग या नावाने ठाऊक आहे. शेगावकडे जाताना पूर्णा नदी ओलांडावी लागते. पावसाळ्यात तारीख येत असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामास जावे, आणि कळा तारखेच्या आधीच सुरू झाल्या किंवा पाणी गेले तर कोठे व कोणत्या गाडीने जायचे हेही ठरवून ठेवावे.

दुसरी तयारी रक्ताची. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 किंवा त्याहून अधिक असावे. आपल्या कितीतरी लेकीबाळींचे ते 8 किंवा 9 असते. शस्त्रक्रियेत रक्त जातेच. ज्या घागरीत आधीच थोडे पाणी, तिला गळती लागल्यावर काय उरणार? म्हणून लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत, आणि त्या चहाबरोबर घेऊ नयेत. आपला भाग खारपाणपट्ट्यातील. मूत्रपिंडाच्या तक्रारी आपणांस नवीन नाहीत. तेव्हा रक्तदाब आणि लघवीची तपासणी प्रत्येक भेटीत झालीच पाहिजे. आम्ही या वेळी घरातील व शेजारच्या चौघा तरुणांचे रक्तगट आधीच तपासून कागदावर लिहून ठेवले होते.

तिसरी तयारी पैशांची आणि कागदांची. 2011 साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंतचे जेवण मोफत आहे. जाण्यायेण्याच्या वाहनाचीही सोय त्यात आहे. आधारकार्ड, बँकेचे पुस्तक, माता-बाल संरक्षण कार्ड आणि मागील शस्त्रक्रियेचा कागद एका पिशवीत ठेवावा. तो मागील कागद तर सातबाऱ्याच्या उताऱ्याइतका जपावा. पुढच्या डॉक्टरांस तोच रस्ता दाखवितो.

चौथी गोष्ट तारखेची, आणि येथे आम्हांस थोडे झगडावे लागले. विहीणबाईंनी प्रेमापोटी ज्योतिषाकडून मुहूर्त काढून आणला. तो डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीचा होता. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की घाईचे कारण नसेल तर 39 आठवडे पूर्ण होऊ द्यावेत. त्याआधी काढलेल्या बाळास श्वासाचा त्रास होण्याची भीती अधिक असते. आम्ही विहीणबाईंना म्हणालो, "बाई, शेंग भरण्याआधी तूर कोणी सोंगत नाही. बाळाची फुप्फुसे भरली की तोच मुहूर्त." त्या विचारात पडल्या. शेवटी डॉक्टरांनी त्या आठवड्यातील दोन दिवस मोकळे सांगितले, त्यांपैकी त्यांच्या मनाचा दिवस आम्ही घेतला. शास्त्राचाही मान राहिला आणि विहीणबाईंचाही.

आदल्या दिवशी लेकीने स्वच्छ स्नान केले. पोटावरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, त्याने बारीक जखमा होऊन जंतू शिरतात. ते काम दवाखान्यावर सोपवावे. नखांचा रंग काढावा. शस्त्रक्रियेच्या खोलीत दागिने चालत नाहीत. मंगळसूत्र उतरविण्याचे अनेकींच्या मनावर येते. आमच्या सौभाग्यवतीने ते स्वतःच्या हाताने लेकीच्या गळ्यातून काढले, कुंकवाच्या करंड्यात ठेवले आणि म्हणाली, "सौभाग्य दोऱ्यात नसते, घरच्यांच्या काळजीत असते." शस्त्रक्रियेपूर्वी किमान सहा तास अन्न घ्यावयाचे नसते, साधे पाणी केव्हापर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञांस विचारावे. "जरासा चहा घे" असा आग्रह कोणी करू नये. भरल्या पोटी भूल देण्यात जिवाचा धोका असतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी बहुधा पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागी असते. लेकीने नंतर सांगितले की ओढल्यासारखे वाटले, दुखले नाही, आणि बाळाचे पहिले रडणे तिने स्वतः ऐकले. पाठीतील त्या सुईने जन्माची कंबरदुखी लागते ही समजूत निराधार आहे. बाळास होता होईल तो पहिल्या तासातच आईच्या अंगावर घ्यावे. पहिला पिवळसर चीक ही बाळाची पहिली लस होय. शस्त्रक्रियेनंतर दूध भरून येण्यास कधी एखादा दिवस अधिक लागतो. घाबरून मध, गूळपाणी किंवा वरचे दूध देऊ नये. बाळास वारंवार अंगावर घ्यावे. पोटावर भार येऊ नये म्हणून बाळ काखेखाली आडवे धरून पाजण्याची रीत परिचारिका शिकवितात, ती शिकून घ्यावी.

शुद्ध, सावध असलेल्या आईस डॉक्टरांच्या अनुमतीने काही तासांतच पाणी व हलके अन्न देता येते. लघवीची नळी काढली की चोवीस तासांच्या आत तिला आधार देऊन चालवावे. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. विश्रांती म्हणजे अंथरुणास खिळणे नव्हे. निजून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. चालणे हे औषध, आणि ओझे उचलणे हे विष, हा भेद घरातील प्रत्येकाने पाठ करावा. खोकताना किंवा हसताना पोटावर उशी दाबून धरावी. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे.

घरी आल्यावर आम्ही भिंतीवर एक कागद लावला, वर्गात वेळापत्रक लावतात तसा. सहा आठवडे लेकीने बाळापेक्षा जड काही उचलायचे नाही. पाणी भरणे जावईबापूंकडे, ते आठवड्यातून दोन दिवस येत आणि इतर दिवशी धाकटा मुलगा. बाळाची दुपटी धुणे आमच्याकडे. साठी उलटल्यावर आम्ही प्रथमच दुपटी धुतली. पहिल्या दिवशी गल्लीतील लोक हसले, आठव्या दिवशी कोणी हसेना. थोरल्या नातवास शाळेत पोहोचविणे आणि रात्री जवळ घेऊन निजणे हेही आमचेच काम, कारण तो आईच्या पोटावर उडी मारण्याच्या वयाचा.

जखम कोरडी व स्वच्छ ठेवावी. तिच्यावर हळद, तेल, राख काही लावू नये. हातापायांस तेल चोळण्यास हरकत नाही, पोटास नको. अंग शेकावयाचे तर धुराची शेगडी नको. आहारात ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, शेपू, दूध, डिंकाचे वा हाळिवाचे लाडू हे सारे उत्तम. परंतु नुसत्या तुपाच्या माऱ्याने शक्ती येत नाही, डाळी, भाज्या आणि फळेही हवीत. पाणी मुबलक द्यावे, म्हणजे दूधही उतरते आणि शौचास कुंथावे लागत नाही. लोह व चुन्याच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवावयाच्या असतात.

आणि बारसे? ते आम्ही सव्वा महिन्यानंतर केले. बाराव्या दिवशी फक्त घरच्या पाच माणसांनी पाळण्याची दोरी ओढली. नातलगांस आम्ही आधीच कळविले होते की लेकीस पाहण्यास या, पण दहा मिनिटे बसा, आणि चहा आम्ही करू.

काही खुणा दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा: ताप, जखमेतून पू वा दुर्गंधी, तासाभरात कापड भिजेल इतका रक्तस्राव, पोटरीस सूज व दुखणे, धाप, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटके. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आणखी एक खूण डोळ्यांस दिसत नाही. बाळंतीण वारंवार रडते, निजत नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही असे म्हणते. चार-आठ दिवसांचे रडू स्वाभाविक आहे. ते दोन आठवड्यांवर गेले तर तो आजार आहे, नखरा नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत.

पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान दोन वर्षांचे अंतर असावे, म्हणजे आतील व्रण पक्का होतो. त्यासाठी तांबी वा अन्य साधनांविषयी नवरा-बायकोने शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. यात संकोच करण्याचे कारण नाही.

मंडळी, आमची लेक या वेळी सहाव्या आठवड्यात ताठ चालत सासरी गेली. निघताना विहीणबाई ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या घरीबी तुमचा तो कागद लावतो." आजवर मिळालेल्या कोणत्याही शालीपेक्षा आम्हांस तो गौरव मोठा वाटला. मात्र लेकीच्या पोटावरील पहिला रुंद व्रण आमच्या डोळ्यांपुढून अद्याप हलत नाही.

शेवटी मंडळास दोन नम्र सूचना. समाजातील प्रत्येक गावच्या तरुणांचे रक्तगट व त्यांची नावे यांची वही मंडळाने ठेवावी. आणि ज्या घरी शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल त्या घरी सव्वा महिन्याच्या आत जेवणावळ घालू नये व कोणी जेवावयास जाऊ नये, असा संकेत आपण सर्वांनी पाळावा. शस्त्रक्रियेने बाळंत झालेली स्त्री एकाच वेळी बाळंतीणही असते आणि रुग्णही. तिचे देणे दुप्पट आहे. आपल्या आयांनी आपल्यासाठी जे सोसले त्याची फेड होत नाही; निदान आपल्या लेकीसुनांना त्यांचा सव्वा महिना तरी परत देऊ या.